लोणारच्या काठावरून परतीचे पक्षी

हिवाळी पाहुण्या पक्ष्यांच्या आगमनाची चर्चा दरवर्षी होते. त्यांच्या परतीकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. ही परत पाहण्याचे एक उत्तम ठिकाण म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर. येथे समुद्र नाही. परंतु सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवराचा उघडा, वाऱ्यावरचा काठ किनाऱ्यावरील उंच कड्याचेच काम करतो. शंभराहून अधिक मीटर खाली असलेले सरोवर तेथून एका दृष्टिक्षेपात न्याहाळता येते.

सरोवराचे पाणी खारे व अल्कधर्मी असून त्यात सूक्ष्म शेवाळ वाढते. काठालगत गोड्या पाण्याचे झरेही आहेत. हिवाळ्यात येथे उतरणारी बदके फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान उत्तरेकडे निघतात. चक्रवाक लडाख, तिबेट व मध्य आशियाच्या पठारांवर वीण करतो, तर थापट्या युरोप व उत्तर आशियातील पाणथळींवर.

दिवस मोठा होऊ लागला, की स्थलांतरित पक्ष्यांच्या शरीरात प्रवासाची तयारी सुरू होते. ते अधिक खातात आणि चरबी साठवतात; लांब पल्ला गाठणाऱ्या काही लहान पक्ष्यांचे वजन तर जवळजवळ दुप्पट होते. याच दिवसांत माणसांच्या वर्दळीमुळे पक्षी वारंवार उडाले, तर जमवलेली शक्ती वाया जाते. म्हणूनच पाण्यापर्यंत उतरण्यापेक्षा काठावरून दुर्बिणीने पाहणे पक्ष्यांच्या हिताचे ठरते.

सकाळी पूर्वेकडील काठावर उभे राहिल्यास सूर्य पाठीशी राहतो. गरुड, भोवत्या यांसारखे शिकारी पक्षी ऊन तापल्यावर वर चढणाऱ्या हवेचा आधार घेतात. बदके मात्र बहुधा रात्री, वारा अनुकूल असताना प्रस्थान करतात. त्यामुळे आदल्या संध्याकाळी दिसलेला थवा सकाळी नाहीसा झालेला आढळतो.

पक्षी अखेरचा कधी दिसला, हे समजण्यासाठी तो न दिसलेल्या दिवसांचीही नोंद आवश्यक असते. भारतात स्थलांतराच्या अशा नोंदी सामान्य निरीक्षकांकडून गोळा करण्यासाठी २००७ मध्ये ‘मायग्रंटवॉच’ हा उपक्रम सुरू झाला होता.

लोणारला २००० मध्ये अभयारण्याचा आणि २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. या संरक्षणाचा पक्ष्यांना कितपत उपयोग होतो, हे वर्षानुवर्षांच्या अशा नोंदींतूनच कळू शकेल.