सॅम पोलॉक यांचे सौदे: मॅनेजरचा न्याय कोणत्या तारखेला करायचा?

आज आपण हॉकीबद्दल बोलणार आहोत, पण ध्यानचंदांच्या हॉकीबद्दल नव्हे. ही बर्फावरची हॉकी, कॅनडा आणि अमेरिकेतली. त्यातही आपला नायक बर्फावर पाय न ठेवणारा आहे. तिथे प्रत्येक संघाचा एक जनरल मॅनेजर असतो. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाच्या बदल्यात कोणाला आणायचं, हे सगळं तो ठरवतो. प्रशिक्षक त्याच्या हाताखाली. खेळाडूंची अदलाबदल हे त्याचं मुख्य काम, आणि लोक त्याला जोखतात तेही याच कामावरून.

सॅम पोलॉक हे १९६४ ते १९७८ या काळात माँट्रियल कॅनेडियन्सचे जनरल मॅनेजर होते. या चौदा वर्षांत संघाने नऊ वेळा स्टॅनली कप जिंकला. आता एवढा आकडा समोर असल्यावर न्याय कसला करायचा, असं कुणालाही वाटेल. पण कप हा निकाल झाला. निर्णय त्याच्या आधी, कधी कधी सहा-सात वर्षं आधी, एखाद्या टेलिफोनवर झालेला असतो. आणि तो घेणाऱ्याला त्या दिवशी काय माहीत होतं हे विचारल्याशिवाय आपण त्याला ना शहाणा म्हणू शकतो, ना मूर्ख.

एक गोष्ट आधी समजून घेऊ. एनएचएल या लीगमध्ये दर वर्षी नव्या तरुण खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. आयपीएलसारखा हा लिलाव नाही, बोली लागत नाही. संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलतात, आणि त्या काळी साधारणपणे गुणतक्त्यात तळाला राहिलेल्याची पाळी पहिली असे. दुबळ्याला हात मिळावा, हा हेतू. मात्र ही पाळी दुसऱ्याला देऊन टाकता येते. अगदी पुढच्या वर्षीचीसुद्धा. म्हणजे आपण कितवे येणार हे ठाऊक नसतानाच! पोलॉक यांच्या सगळ्या कारभाराची किल्ली या एका सोयीत आहे.

१९६७ साली लीग सहा संघांवरून एकदम बारा संघांवर गेली. नव्या सहा संघांना जुन्या संघांनी राखून उरलेले खेळाडू मिळाले. त्यांना तिकिटं खपवायची होती, ओळखीचे चेहरे हवे होते, आणि हवे होते ते याच मोसमात. माँट्रियलची स्थिती उलटी. पोलॉक यांच्या आधीचे मॅनेजर फ्रँक सेल्की यांनी १९४६ पासून कनिष्ठ संघांची भली मोठी साखळी उभी केली होती, आणि पोलॉक स्वतः याच साखळीतल्या संघांचा कारभार बघत वर आलेले. कोठार भरलेलं होतं. ज्याच्या घरी धान्य आहे त्याला पेरणीपर्यंत थांबता येतं. ज्याची चूल आज पेटायची आहे त्याला बियाणं विकावं लागतं. पोलॉक यांच्या हुशारीची चर्चा करताना हे कोठार दुसऱ्याने भरलेलं होतं हे आपण सहसा विसरतो.

आता तो प्रसिद्ध सौदा. मे १९७०. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या सील्स संघाला पोलॉक यांनी एर्नी हिकी हा तरुण खेळाडू आणि आपली १९७० ची पहिल्या फेरीची निवड दिली. बदल्यात घेतला फ्रान्स्वा लाकोंब आणि सील्सची १९७१ ची पहिल्या फेरीची निवड. पुढच्या मोसमात सील्स लीगमध्ये शेवटचे आले. त्यामुळे १९७१ ची पहिली पाळी माँट्रियलकडे आली आणि त्यांनी गी लाफ्लर घेतला. लाफ्लरने पुढे सलग सहा मोसम पन्नास किंवा जास्त गोल केले आणि माँट्रियलबरोबर पाच कप जिंकले. म्हणून ‘हिकी देऊन लाफ्लर घेतला’ असं हे सूत्र झालं, आणि सील्स हा संघ थट्टेचा विषय होऊन बसला.

पण थांबा. त्या मे महिन्यात सील्सच्या मॅनेजरच्या खुर्चीवर आपण बसून पाहू. संघ १९६९ आणि १९७० अशी सलग दोन वर्षं बाद फेरीत पोहोचलेला. पुढच्या मोसमात बफेलो आणि व्हँकुव्हर हे दोन अगदी कोरे संघ लीगमध्ये येणार होते. ते आपल्या खाली राहतील असं कुणीही म्हटलं असतं. म्हणजे त्यांनी आपल्या समजुतीनुसार दिलेली वस्तू ‘पहिली निवड’ नव्हतीच, मधली कुठलीतरी होती. त्या दिवशीच्या उजेडात हा सौदा वेडेपणाचा दिसत नाही. पुढे उन्हाळ्यात चार्ली फिनली हे नवे मालक आले. हेच ते, ज्यांनी खेळाडूंच्या पायात पांढरे स्केट्स घातले! कारभार विस्कटला, तो मॅनेजरही लवकरच बाहेर पडला. त्याचं नाव फ्रँक सेल्की ज्युनियर. होय, माँट्रियलचं कोठार भरणाऱ्या सेल्कींचाच मुलगा. इतिहास कधी कधी फारच चावट असतो.

मग पोलॉक यांना श्रेय नाही का? आहे, आणि भरपूर आहे. १९६९ पर्यंत माँट्रियलला दोन फ्रेंच-कॅनेडियन तरुण आधी उचलण्याचा खास हक्क होता. तो संपला. क्यूबेक शहरात लाफ्लर नावाच्या पोराने १९६९-७० च्या ज्युनियर मोसमात १०३ गोल केले होते, आणि १९७१ मध्ये तो ड्राफ्टमध्ये येणार हे उघड होतं. पोलॉक यांचा स्वतःचा संघ एवढा खाली जाणार नव्हता. म्हणून दुसऱ्याची पाळी आत्ताच, स्वस्तात घेऊन ठेवायची. ती पहिली निघेल याची खात्री त्यांनाही नव्हती. त्यांनी शक्यता विकत घेतली, आणि चुकली असती तरी त्यांचं फार बिघडणार नव्हतं. आमच्या मते चांगला निर्णय ओळखायची खूण हीच.

याच कथेला एक शेपूट जोडलेलं आहे. जानेवारी १९७१ मध्ये लॉस एंजेलिसचा संघ सील्सपेक्षाही खाली जाईल अशी भीती होती. म्हणून पोलॉक यांनी राल्फ बॅकस्ट्रॉम हा अनुभवी खेळाडू लॉस एंजेलिसला दिला, तो संघ सावरला आणि सील्स तळाला राहिले. कथा झकास आहे. आता तक्ता काढू. मोसमाअखेर सील्सचे गुण ४५. शेवटून दुसऱ्या डेट्रॉइटचे ५५. लॉस एंजेलिसचे ६३. अठरा गुणांचं अंतर एका माणसाने पाडलं, हे मानणं अवघड आहे. शिवाय बॅकस्ट्रॉमला स्वतःलाच माँट्रियल सोडून पश्चिमेकडे जायचं होतं. सहा कप जिंकलेला, मन असलेला माणूस, आणि दंतकथेत त्याचं नुसतं प्यादं झालं. हां, बदल्यात आलेल्या दोघांपैकी एकही माँट्रियलकडून कधी खेळला नाही, तेव्हा पोलॉक यांच्या मनात काहीच नव्हतं असंही म्हणवत नाही. पण मनात असणं आणि त्यामुळे घडणं यात फरक करायला नको का?

निकालाची तारीख बदलली की निकाल कसा बदलतो तेही पाहा. १९७१ च्या ड्राफ्टमध्ये लाफ्लरच्या पाठोपाठ मार्सेल डिऑन डेट्रॉइटने घेतला. लाफ्लरचे पहिल्या तीन मोसमांतले गोल २९, २८, २१. डिऑनने पहिल्याच मोसमात ७७ गुण मिळवले, लाफ्लरने ६४. १९७४ च्या वसंतात कुणी न्यायसभा भरवली असती तर पोलॉक यांनी चुकीचा पोरगा उचलला असाच निवाडा झाला असता. पुढच्याच मोसमात लाफ्लरने ५३ गोल केले.

याहून अवघड खटला जानेवारी १९७१ चा आहे, आणि आम्हाला तो लाफ्लरच्या सौद्यापेक्षा जास्त शिकवणारा वाटतो. १९७० मध्ये माँट्रियल बाद फेरीलाही पात्र ठरलं नव्हतं. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. शहर संतापलेलं. पोलॉक यांनी डेट्रॉइटकडून ३३ वर्षांचा फ्रँक माहोवलिच आणला आणि मिकी रेडमंड, गी शॅरॉन, बिल कॉलिन्स असे तिघे दिले. रेडमंड अवघा २३ वर्षांचा. म्हणजे एरवी भविष्य विकत घेणारा हा माणूस इथे भविष्य विकत होता. त्याच वसंतात माहोवलिचने बाद फेरीत १४ गोल केले आणि कप माँट्रियलला आला. इकडे रेडमंडने डेट्रॉइटसाठी १९७२-७३ मध्ये ५२ आणि पुढच्या मोसमात ५१ गोल केले. गोल मोजले तर डेट्रॉइट जिंकलं. पण त्या दोन्ही मोसमांत डेट्रॉइट बाद फेरीत पोहोचलंच नाही, आणि पाठीच्या दुखण्याने रेडमंडची कारकीर्द १९७६ मध्ये संपली. माहोवलिचने १९७३ मध्ये आणखी एक कप जिंकला. सौदा म्हणजे एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा, हे गणित इथे बसत नाही. दोघांच्या गरजा वेगळ्या होत्या, एवढंच.

तोट्याची बाजूही आहेच. गोलरक्षक केन ड्रायडन पगारावरून बिनसल्यामुळे १९७३-७४ चा अख्खा मोसम बाहेर बसला, टोरांटोत वकिलीची उमेदवारी करत. संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. हा दोष आम्ही पोलॉक यांच्याच नावावर लिहू. १९७४ च्या पहिल्या फेरीत त्यांच्याकडे एक नाही, पाच निवडी होत्या. पाच खेळाडू घेतले, त्यातले दोन-तीन उपयोगी निघाले. आणि ब्रायन ट्रॉटिए बाविसाव्या क्रमांकापर्यंत तसाच उरला. तो न्यूयॉर्क आयलंडर्सनी नेला.

आयलंडर्सचे मॅनेजर बिल टोरी. १९७३ मध्ये पहिली पाळी त्यांची होती. पोलॉक यांनी नेहमीप्रमाणे तयार खेळाडू पुढे केले. टोरी यांनी नकार दिला, डेनिस पॉटव्हिन घेतला, संघ आणखी काही काळ हरू दिला, आणि १९८० पासून सलग चार कप जिंकले. हे टोरी १९७० पर्यंत कुठे होते माहीत आहे? सील्सच्या कचेरीत.

शेवटचा खटला तुमच्यावरच सोपवतो. १९७६ मध्ये पोलॉक यांनी कोलोराडो संघाशी एक सौदा केला. दोन साधे खेळाडू दिले आणि १९८० साली पहिल्या फेरीची पाळी बदलून घ्यायचा हक्क मिळवला. चार वर्षं पुढची तारीख! १९७८ मध्ये क्लब विकला गेला, पोलॉक गेले, आयर्व्हिंग ग्रुंडमन आले. १९८० उजाडलं, कोलोराडो तळाला, पहिली पाळी माँट्रियलची. डेनी सावार हा माँट्रियलच्याच ज्युनियर संघातला पोरगा समोर होता. क्लबने डग विकनहायझर घेतला. सावार तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला गेला आणि तिथे त्याने दहा वर्षं गाजवली. विकनहायझर १९८३ मध्येच माँट्रियलबाहेर गेला. १९९० मध्ये माँट्रियलने सावारला आणलं खरं, पण त्यासाठी ख्रिस चेलिओससारखा बचावपटू द्यावा लागला. आणि चेलिओस २०१० पर्यंत खेळत राहिला.

आता १९७६ चा तो सौदा पोलॉक यांच्या जमेला लिहायचा की नाही? आमचं मत आहे, लिहायचा, पूर्ण लिहायचा. तुमचं वेगळं असेल तर ऐकायला आवडेल. प्रश्न घेऊ या.