कोकोडाची वाट आणि तिचे भारवाहक

पापुआ न्यू गिनीतील ओवेन स्टॅन्ली पर्वतश्रेणी ओलांडून ओवर्स कॉर्नर ते कोकोडा अशी जाणारी सुमारे ९६ किलोमीटरांची पायवाट १९४२ च्या युद्धामुळे जगास ठाऊक झाली. डोंगरातील कोइआरी व उत्तरेकडील ओरोकाइवा लोकांच्या येण्याजाण्याची ही वाट मात्र त्याहून पुष्कळ जुनी. युद्ध तिच्यावरून गेले ते अवघे चार महिने. जुलै १९४२ मध्ये जपानी सैन्य उत्तर किनाऱ्यावर गोना येथे उतरले. ऑगस्टअखेर इसुरावा येथे निकराची लढाई झाली. सप्टेंबरात जपानी आघाडी पोर्ट मोर्स्बीच्या दिशेने इओरिबाइवापर्यंत पोहोचली व तेथूनच मागे फिरली. २ नोव्हेंबरला कोकोडा पुन्हा ऑस्ट्रेलियन सैन्याच्या हाती आले. सहाशेंहून अधिक ऑस्ट्रेलियन सैनिक या मोहिमेत कामी आले.

हा क्रम सैनिकी इतिहासांत वारंवार सांगितला जातो. रसदीचे गणित त्या मानाने उपेक्षित राहिले आहे. भारवाहकांची व्यवस्था पाहणारे बर्ट कीन्झल यांचा हिशेब असा की, केवळ अन्न वाहणारा माणूस पाठीवरचे ओझे स्वतःच १३ दिवसांत संपवितो. त्यातूनच एका सैनिकालाही खाऊ घालावयाचे तर ते साडेसहा दिवसच पुरते. म्हणूनच मायोला येथील कोरड्या सरोवरपात्रात विमानातून शिधा टाकण्याचा उपाय योजावा लागला. त्यातील बराच माल आपटून फुटे वा जंगलात नाहीसा होई. हाती लागे तो पुन्हा माणसांच्याच पाठीवर चढे. परतीच्या वाटेवर जखमी सैनिक असत. चिखलाच्या त्या उभ्या चढउतारांवर एका स्ट्रेचरला आठ-आठ खांदेकरी लागत.

या भारवाहकांना ऑस्ट्रेलियन लोकांनी कृतज्ञतेने ‘देवदूत’ म्हटले. कृतज्ञता खरी होती, परंतु त्या नावाने एक गोष्ट झाकली गेली: जून १९४२ च्या लष्करी हुकुमान्वये यांतील अनेकांची सक्तीने भरती झाली होती. राफाएल ओइम्बारी एका जखमी सैनिकाला हात धरून नेत असल्याचे सुप्रसिद्ध छायाचित्रही या वाटेवरचे नाही. ते २५ डिसेंबर १९४२ रोजी बुनाजवळ घेतलेले आहे. जपान्यांनी राबाउलहून आणलेल्या हमालांना तर कोणी देवदूतही म्हटले नाही. ऑस्ट्रेलियाने भारवाहकांसाठी स्मृतिपदक काढले ते २००९ साली; तोवर बहुतेक जण हयात नव्हते.

वाटेच्या संरक्षणाचा आजचा प्रश्न या ऋणाशी जोडलेला आहे. या देशातील बहुतांश जमीन परंपरेने कुळांच्या मालकीची असून ही वाटही त्याला अपवाद नाही. २००६ मध्ये कोकोडाची वाट व पर्वतश्रेणी यांचे नाव जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले. त्याच सुमारास वाटेच्या दक्षिण भागात कोडू येथे तांबे व सोने यांच्या खाणीचा प्रस्ताव पुढे आला. काही जमीनमालकांना खाण हवी होती, आणि ते स्वाभाविक होते: स्मारक परकीयांचे, दवाखाना व शाळा यांची वाण मात्र त्यांची. सरकारने २००८ च्या प्रारंभी शोधाच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले. त्याच वर्षी असंतुष्ट ग्रामस्थांनी वाट अडविली. एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलिया व पापुआ न्यू गिनी यांनी वाटेचे जतन व ग्रामस्थांचे जीवनमान या दोहोंविषयी संयुक्त सामंजस्य केले. वारसा व उपजीविका एकाच कागदावर आली, हे त्याचे महत्त्व. परंतु खाण नाकारल्याने गावांचे झालेले नुकसान कोणी व किती भरून द्यावयाचे, हा प्रश्न त्याने मिटला नाही.

गावांना मिळते ते पदयात्रींच्या शुल्कातून, मुक्कामाच्या भाड्यातून आणि पुन्हा ओझी वाहण्याच्या मजुरीतून. २००८ च्या सुमारास वर्षाला पाच हजारांवर पदयात्री येत. या मिळकतीची वाटणी कशी व्हावी, हा तंट्याचा विषय राहिला आहे, आणि वाट अडविणे हे कुळांच्या हातातील सर्वांत परिणामकारक साधन ठरले आहे. २०२० मध्ये महासाथीमुळे पदयात्रा थांबल्या तेव्हा शुल्क, भाडे व मजुरी ही तिन्ही एकदमच बंद झाली. वाटेवरील डोंगरी गावांना मोटाररस्ता नाही. मळ्यातला माल बाजारास न्यावयाचा तर तो बहुधा पाठीवरच न्यावा लागतो.