खडी गंमत

पूर्व महाराष्ट्रातील झाडीपट्टीत रूढ असलेला एक विनोदप्रधान लोकनाट्यप्रकार. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भातशेतीच्या व जंगलाच्या जिल्ह्यांत तो मुख्यत्वे आढळतो. ‘खडी’ म्हणजे उभी. कलावंत प्रेक्षकांच्या मध्यभागी उभे राहूनच खेळ करतात, यावरून हे नाव पडले.

पार्श्वभूमी : तुमसर तालुक्यातील आंबागडचा किल्ला या मुलखातील सत्तांतराचा साक्षीदार आहे. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद याच्या अमदानीत १७०० च्या सुमारास राजाखान पठाणाने तो बांधला. नागपूरकर भोसल्यांनी पुढे त्याचा तुरुंग केला. गोंडी, हिंदी व मराठी यांच्या या संगमावर झाडीबोली घडली. तीत ‘ण’ व ‘ळ’ यांच्या जागी बहुधा ‘न’ व ‘र’ येतात. नागर मराठी व झाडीबोली यांतील या अंतरावर गमतीतील पुष्कळसा शाब्दिक विनोद उभारता येतो.

स्वरूप : गमतीत एकच सलग कथानक नसते. गण, गौळण, लावणी, सवालजवाब, झगडा असे स्वतंत्र भाग एकामागून एक येतात आणि शाहीर त्यांना सांधतो. पडदा व नेपथ्य नसते. स्थळकाळाचा बोध वेष, हावभाव व गिरक्या यांवरून होतो. स्त्रीवेषातील पुरुष नाच्या हा खेळाचा दृश्य केंद्रबिंदू असतो. ढोलकी, तुणतुणे व टाळ ही प्रमुख वाद्ये होत. शाहिरांत कलगी व तुरा असे पक्ष असून पहिला शक्तीला, तर दुसरा शिवाला श्रेष्ठ मानतो. या वादामुळे थट्टेलाही तात्त्विक बैठक लाभते.

प्रेक्षक : दिवाळीनंतरच्या मंडईत जमणारे शेतकरी, मजूर व कारागीर हा गमतीचा मुख्य प्रेक्षकवर्ग होय. भाग स्वतंत्र असल्याने मध्येच येणाऱ्यालाही रस घेता येतो. बांधेसूद कथानकाची अपेक्षा करणाऱ्यास ती विस्कळीत वाटते; हजरजबाबीपणा, बोलीचा ठसका व लयबद्ध अभिनय यांची आवड असणाऱ्यास मात्र ती रंजक वाटते.

तमाशाशी तुलना : मुंबई राज्यात १९४८ च्या सुमारास तमाशाच्या सुधारणेसाठी दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. भंडारा त्या वेळी मध्य प्रांतात असल्याने तेथील लोककला तिच्या कक्षेत आल्या नाहीत. लोकशाहीर राम जोशी (१९४७) व सांगत्ये ऐका (१९५९) या चित्रपटांमुळे तमाशा दूरवरच्या प्रेक्षकांना परिचित झाला. भंडारा जिल्हा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तेव्हा मराठी लोकनाट्य म्हणजे तमाशा हे समीकरण रूढ झालेले होते. गमतीला मात्र तमाशाची पूर्वेकडील शाखा एवढेच स्थान मिळाले.

सद्यःस्थिती : वडसा येथे केंद्रित झालेल्या, तिकीट लावून चालणाऱ्या झाडीपट्टी नाटकांनी व चित्रपटांनी गमतीचा प्रेक्षक विभागला. हरिश्चंद्र बोरकर यांच्या झाडीबोलीविषयक संशोधनामुळे या परंपरांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. तथापि गमतीचा मोठा भाग तत्क्षणी रचला जात असल्याने केवळ लेखी नोंदीने तिचे जतन होणे शक्य नाही. सवालाला जवाब देणारा दुसरा शाहीर आणि बोली जाणणारा प्रेक्षक यांवरच तिचे अस्तित्व अवलंबून आहे.