ट्रान्स-टायगा मार्ग
ट्रान्स-टायगा मार्ग : कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातील, उत्तरेच्या सूचिपर्णी अरण्यातून जाणारा खडीचा रस्ता. लांबी ६६६ किमी. माटागामी ते रॅडिसन या डांबरी जेम्स बे मार्गाला ५४४ व्या किलोमीटरपाशी तो फुटतो आणि पूर्वेस कानियापिस्काऊ जलाशयापाशी संपतो. तेथून सर्वांत जवळचे गाव रॅडिसन, तेही रस्त्याने सुमारे ७४५ किमीवर. गावापासून इतके दूर नेणारा दुसरा रस्ता उत्तर अमेरिकेत नाही, असे मानले जाते.

रस्ता झाला तो विजेसाठी. ला ग्रांद नदीवरील जेम्स बे प्रकल्प १९७१ मध्ये जाहीर झाला आणि धरणांच्या जागांपर्यंत माणसे व यंत्रे नेण्यासाठी प्रांताच्या सरकारी वीजकंपनीने हा मार्ग काढला. एलजी-३, एलजी-४, लाफोर्ज व ब्रिसे ही वीजकेंद्रे याच पट्ट्यात आहेत. प्रकल्प सुरू करताना येथील क्री लोकांना विचारलेही गेले नव्हते. ते न्यायालयात गेले. १९७३ मध्ये मिळालेली स्थगिती आठवड्याभरातच उठली, पण त्या लढ्यामुळेच सरकारला क्री लोकांशी १९७५ चा करार करावा लागला. वाटेत दिसणारे अथांग पाणी बरेचसे धरणांनी अडवलेले आहे आणि त्याखाली क्री कुटुंबांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिकारीच्या जागा गेल्या आहेत. हे ठाऊक नसेल, तर प्रवाशाला हा प्रदेश निर्मनुष्य वाटतो. तो तसा कधीच नव्हता.

जंगल मुख्यतः काळ्या स्प्रूसचे, कोरड्या वाळूवर जॅक पाइनचे. पूर्वेकडे झाडे खुजी व विरळ होत जातात आणि मधल्या जमिनीवर फिकट शैवाकांचा जाड थर दिसतो. आपल्या मसाल्यातले दगडफूल याच वर्गातले. कॅरिबू ही येथील हरणे हिवाळा काढतात ती मुख्यतः या शैवाकांवर. १९८४ मध्ये कानियापिस्काऊ नदी ओलांडताना सुमारे दहा हजार कॅरिबू बुडून मेले. दोष अतिवृष्टीचा की जलाशयातून सोडलेल्या पाण्याचा, यावर वाद झाला.

ब्रिसेपर्यंतचे ५८२ किमी साध्या पण दणकट गाडीने पार करता येतात. पुढचे ८४ किमी खडबडीत असून तेथे उंच बांधणीची, शक्यतो फोर-व्हील ड्राइव्ह गाडी लागते. टोकदार खडीने टायर फाटतात. एका स्टेपनीवर निघणे धोक्याचे. मोबाइल चालत नाही, म्हणून सॅटेलाइट फोन जवळ हवा. इंधनाचा भरवसा ३५८ व्या किलोमीटरजवळच्या मिराज या शिकारी-मासेमारी तळावर. तेथे ते मिळेल का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे आणि तरीही जादा डबे भरून न्यावेत. उन्हाळ्यात डास व काळ्या माश्या असह्य होतात, कोरड्या वर्षी वणवे पेटतात. २०२३ च्या उन्हाळ्यात जेम्स बे प्रदेशातील फार मोठे जंगल जळाले.