कपाटातली नोटीस आणि बेबाकी

रौप्यमहोत्सवासाठी कार्यालयाला रंग द्यायचं ठरलं आणि पंचवीस वर्षांचं लोखंडी कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. सारी नोकरी बँकेत गेली, म्हणून कागद चाळायला मीच! रंगकाम करणारा पोरगा म्हणाला, "आजोबा, कायले निवडत बसता? द्या ना सारं रद्दीत." मला ते जमेना. कागदापायी माणसं बुडाल्याचा आणि तरल्याचा आपल्या महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी शेतकरी सावकारांवर उठले. दुकानं लुटली, पण खरा राग होता कर्जखतांवर. हे लोण पुणे-नगर भागात पसरलं. जिथे खतं हाती आली तिथे ती जाळली आणि सावकाराच्या अंगाला सहसा हात लावला नाही. सरकारने आयोग नेमला. १८७९ च्या कायद्याने खतं गावच्या निबंधकासमोर लिहायची आणि पैसे भरले की पावती द्यायची, असं ठरलं. म्हणजे जाळपोळीतून शेवटी निघाली ती पावतीच! हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी होता. आपलं वऱ्हाड त्याबाहेर.

त्याच वऱ्हाडात १८७६ साली शेंडगावला डेबूजीचा जन्म झाला. तो वाढला दापुऱ्याला, मामाच्या घरी. मामाला लिहिता-वाचता येत नव्हतं. सावकाराच्या कागदावर अंगठा दिला आणि शेती गेली, असं चरित्रकार सांगतात. हाच डेबूजी १९०५ मध्ये घर सोडून निघाला आणि गाडगेबाबा झाला. पूर्णेकाठी ऋणमोचनला त्यांनी घाट बांधवला. गावाचं नावच बघा, ऋणमोचन! पुढे नाशिक, पंढरपूर, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण बाबांनी स्वतःसाठी त्यातलं काही ठेवलं नाही. स्वतः निरक्षर असूनही मालमत्ता ट्रस्टच्या नावे कागदोपत्री पक्की करून घेतली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मग २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीला नेत असताना, आपल्या वलगावात पेढी नदीच्या पुलाजवळ बाबांनी देह ठेवला. मागे उरलं ते गाडगं, खराटा आणि अंगावरच्या चिंध्या.

त्या पुलावरून आपण रोज जातो. बाबांनी सोडून दिलं, पण लोकांच्या हक्काचा कागद मात्र नीट करून मगच सोडलं. मला कपाट आवरायची रीत तिथेच सापडली.

मी दोन ढीग केले. पहिल्यात नोंदणी प्रमाणपत्र, जागेचे दस्त, सभासद आणि भाग नोंदवही, इतिवृत्तं, लेखापरीक्षण अहवाल. हे कधीच टाकायचं नाही. दुसऱ्यात मिटलेल्या तक्रारी, पाण्यावरून झालेल्या भांडणांचे अर्ज, फिटलेल्या थकबाकीच्या याद्या. यांची यादी सर्वसाधारण सभेत वाचावी आणि ठराव करूनच ते नष्ट करावेत.

दुसऱ्या ढिगात एक नोटीस निघाली. तीन महिन्यांच्या वर्गणीसाठी एका सभासदाचं नाव मी फलकावर लावलं होतं. सही माझीच. त्यांच्या घरी तेव्हा आजारपण होतं, हे मला माहीत होतं. तरी नियम म्हणजे नियम! पुढच्याच महिन्यात त्यांनी सारी रक्कम भरली, पण बोलणं मात्र थांबलं. आज ते नाहीत. वहिनी अजूनही संक्रांतीला आमच्याकडे तीळगूळ पाठवतात.

परवा मी ती नोटीस घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि माफी मागितली. वहिनींनी ती वाचली, घडी घातली आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही अजून ठेवली व्हय हे? आमच्या घरी तर कोणाले याद बी नाही."

बँकेत कर्ज फिटलं की आम्ही बेबाकीचा दाखला देत असू. तसे शेकडो दाखले मी सहीनिशी दिले. मला स्वतःला तो मिळाला, या वयात, वहिनींच्या ओट्यावर.