गुडघा निखळतो तेव्हा

मैदानावरच्या मोठ्या दुखापती किरकोळ अंगाच्या मुलांनाच होतात, असे तुम्हालाही वाटते का? मग मार्कस लॅटिमोरचे उदाहरण पाहा. अमेरिकन फुटबॉलमध्ये साउथ कॅरोलिना विद्यापीठाचा हा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा खेळाडू, चांगला धिप्पाड होता. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याच्या डाव्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले. शस्त्रक्रिया आणि व्यायामानंतर तो परतला. २७ ऑक्टोबर २०१२ रोजी उजवा गुडघा निखळला, अनेक लिगामेंट्स एकदम तुटली. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघाने त्याला निवडले; पण एकही सामना न खेळता २०१४ मध्ये, अवघ्या २३व्या वर्षी, तो निवृत्त झाला.

असे का होते? व्यायामाने स्नायू बळकट होतात. लिगामेंट्स त्या प्रमाणात नाहीत. पाय जमिनीत रोवलेला असताना धडक बसली, की सारा ताण त्यांच्यावर येतो.

एक लक्षात ठेवा. निखळलेला गुडघा आपोआप जागेवर बसला, तरी त्यामागची मुख्य रक्तवाहिनी फाटलेली असू शकते. मालिश, ओढाताण करू नका. पाऊल गार किंवा फिके पडण्याची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा. रक्तपुरवठा सहा-आठ तास बंद राहिल्यास पाय गमवावा लागू शकतो.