उत्तरेचा उजेड

सूर्या नदीकांठच्या मासवण येथील आमच्या घरीं माजघराच्या भिंतीवर खापरपणजोबांचें एक छायाचित्र आहे. तें मुंबईस काढविलेलें; काढणाराचें नांव वाळवीनें खाल्लें. गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या विजेचे दोन दिवे व एक पांढरी छत्री घेऊन गांवीं आला आणि चेहरे टिपण्याचा अभ्यास करूं लागला. पहिल्या दिवशीं त्यानें दोन्ही दिवे आमच्या मातोश्रींच्या तोंडावर समोरूनच सोडले. चित्र पाहून त्या म्हणाल्या, "ही कसली मी? ही तर थापलेली भाकरी!" तेव्हां आम्हीं त्यास खापरपणजोबांपुढें उभें केलें व त्यांच्या नाकाची सावली कोणीकडे पडली आहे तें पाहावयास सांगितलें.

ही विद्या आमच्याकडे फार लवकर आली. दागेरची युक्ति जगास १८३९ सालीं कळली. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि पुढल्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग. त्या वर्गांत शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनीं मुंबईंत स्वतःचा स्टुडिओ चालविला, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी वैद्यकी सांभाळून या कलेंत नांवाजले.

त्या काळच्या नवशिक्याची अडचण निराळी होती. १८५१ सालीं आर्चरनें प्रसिद्ध केलेल्या कलोडियनच्या ओल्या कांचेस निळा उजेड तेवढा दिसे. तांबडा-पिवळा जवळजवळ दिसतच नसे. म्हणून आमचा सांवळा वर्ण डोळ्यांस दिसे त्याहून काळा उमटे, आणि पांढरें पागोटें मात्र लखलखे. चेहऱ्यास पुरेल इतका वेळ द्यावा तर पागोट्याच्या घड्या नाहींशा होत. पागोटें राखावें तर डोळे काळोखांत बुडत. यावर तोड म्हणजे उत्तरेकडील कांचेच्या छपरांतून येणारा मऊ उजेड, तो आवरण्यास पडदे, आणि अंधाऱ्या गालाच्या बाजूस धरलेली पांढरी चादर. त्यांतही विलायती पुस्तक मुंबईस पुरें पडेना; कारण लंडनास मध्यान्हींचा सूर्य उत्तरेस कधींच जात नाहीं, येथें मात्र ज्येष्ठाच्या सुमारास तो डोक्यावरून किंचित् उत्तरेस सरकतो. बसणारानें कांहीं सेकंद हलूं नये म्हणून मानेमागें लोखंडी चिमटा असे. खापरपणजोबांच्या करारी मुद्रेंत त्या चिमट्याचा वांटा बराच असावा, असा आम्हांस संशय आहे.

परंतु हाच उजेड सर्वांस सारखा मिळाला नाहीं. विल्यम जॉन्सन यानें १८६३ व १८६६ सालीं मुंबई इलाख्यांतील जातीजमातींचे दोन ग्रंथ काढिले. त्यांतील माणसें एकीकडे टिपून दुसऱ्याच देखाव्यावर बसविलेलीं आहेत, आणि खालीं नांव आहे तें जातीचें. पैसे मोजून स्टुडिओंत बसणारा अमुकराव म्हणून उतरे. ग्रंथांत बसविलेला मासला म्हणून. अशा जोडकामाची परीक्षा सोपी आहे: माणसाची सावली व मागच्या झाडाची सावली यांचा सूर्य एकच आहे काय, तें पाहावें. आमच्या शेजारच्या वारली पाड्यावर मात्र कोणाच्याही खापरपणजोबांचें चित्र भिंतीवर आमच्या पाहण्यांत नाहीं.

पुतण्यानें एक दिवा विझविला, दुसरा छत्रींत फिरविला, आणि अखेर तोही बाजूस ठेवून ओटीचें उत्तरेचें दार उघडलें. भात झोडावयास आलेली पाड्यावरील एक म्हातारी हंसत हंसत तेथें बसली. तिची कांति जशी आहे तशी उतरण्यास त्यास तीन वेळां पाट हलवावा लागला. चादर धरून मातोश्री उभ्या होत्या.